अर्थ विचारणाऱ्या काकू

आमच्या घरमालकीण काकू पोळीवर तूप घालण्याआधी शब्द विचारायच्या. तुपाची वाटी डाव्या हातात, चमचा उजव्या हातात, आणि तो चमचा तसाच हवेत धरून म्हणायच्या, "पेन्युरी म्हणजे?"

"गरिबी. अगदी हलाखीची."

मग तूप पडायचं. उत्तर चुकलं तर चमचा वाटीत, वाटी फडताळात, आणि "खा आता कोरडी" असं म्हणून काकू ओट्याकडे वळायच्या. यात थट्टा अजिबात नसायची. मी पहिल्यांदा हसले होते, तर त्यांनी दोन दिवस तूप दाखवलंसुद्धा नव्हतं.

मी मूळची कळवणची. नाशिकला इंजिनिअर झाले आणि परदेशात शिकायला जाण्याच्या परीक्षेचं वेड डोक्यात घेतलं. त्या परीक्षेला इंग्रजीतले जडजंबाल शब्द पाठ करावे लागतात. त्या तयारीसाठी गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला, एका जुन्या कॉलनीत, काकूंच्या बंगल्यातली वरची खोली घेतली. दोन वेळचं जेवण खाली त्यांच्याकडे. खाली काकू आणि त्यांचे यजमान, दोघंच. क्लासने मला जेवढे शब्द दिले नाहीत तेवढे त्या बाईंनी तुपाच्या चमच्याने माझ्या घशाखाली उतरवले. उपकारच म्हणायचे. तरी त्यांची आठवण निघाली की माझं तोंड कडू होतं.

यजमान इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक. गावभर त्यांना 'सर' म्हणत, आणि चारचौघांत काकूही 'सर'च म्हणत. घरात मात्र 'अहो'. सर बाथरूममध्ये घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, पण ते पुन्हा धड उभे राहिले नाहीत. दृष्टीही अधू झाली होती. हॉलमध्ये खिडकीशी त्यांचा पलंग होता, शेजारी हाताची खुर्ची आणि समोर काचेची तीन कपाटं, इंग्रजी पुस्तकांनी भरलेली, कुलूप लावलेली. त्यांना आता वाचता येत नव्हतं, आणि काकूंना इंग्रजी कधीच येत नव्हतं. तरी किल्ली सरांच्या उशीखालीच असे.

काकू ठेंगण्या, काटक, थंडीत साडीवर मुलाचा जुना शाळेचा स्वेटर घालणाऱ्या. मुलगा बंगळुरूला होता. रविवारी फोन करायचा आणि "बाबांना दे" म्हणायचा. काकू मॅट्रिक होत्या, इंग्रजीत दोनदा नापास होऊन. "तिसऱ्यांदा पास झाले आणि लगेच उजवलं मला," असं त्या सांगत. साधं इंग्रजी त्यांना खरंच येत नसे. दारात कुरिअरवाला इंग्रजीत काही बोलला तरी त्या घाबरून मला वरून हाक मारत. गॅसच्या नंबरवरची बाई इंग्रजीत सुरू झाली की फोन माझ्या हातात. पण दूधवाला उशिरा आला की म्हणत, "आज परत टार्डी!" कॉलनीचा वॉचमन खुर्चीत पेंगताना दिसला की "सॉम्नोलंट मेला." आणि भांडी घासायला येणाऱ्या मावशी गप्पांत रंगल्या की, "मावशी, तुम्ही फार लोक्वेशस आहात हो."

"ते काय असतं बाई?" मावशी विचारत.

"असतं काहीतरी. घासा तुम्ही."

शब्द एकदा माणसाला चिकटवला की काकू तो कधी विसरत नसत. माझ्या हे लक्षात आलं तेव्हा मी त्यांना विचारलं, इतकं पाठ कसं राहतं. तर म्हणाल्या, "अगं, माझं माहेर पंचवटीतलं. वडील यात्रेकरूंचे उपाध्ये. सकाळपासून घरात मंत्र चालायचे. आम्हा बहिणींना कोणी शिकवले नाहीत, अर्थ तर नाहीच सांगितला. पण आम्ही भाजी निवडता निवडता सगळं तोंडपाठ केलं होतं. कानावर पडलं की बसतंच माझ्या डोक्यात. अर्थ नसला तरी बसतं."

हे त्या अभिमानाने सांगत होत्या. मला तेव्हा ती एक गंमत वाटली.

सुरुवात माझ्यापासूनच झाली होती. मी वरच्या गॅलरीत येरझारा घालत मोठ्याने पाठांतर करायची. आवाज खाली स्वयंपाकघरात जायचा. एका सकाळी मी "ऑब्ट्यूस, मठ्ठ, ऑब्ट्यूस, मंदबुद्धी" असं घोकत होते, तर काकू हातातली उलथणी तशीच घेऊन जिना चढून आल्या. त्यांचे गुडघे दुखत, त्या वर सहसा येत नसत.

"परत म्हण," त्या म्हणाल्या.

"काय?"

"आत्ता म्हणालीस ते."

मी म्हटलं. त्यांनी ओठातल्या ओठात दोनदा पुटपुटून पाहिलं. मग "मठ्ठ, होय?" असं म्हणून खाली गेल्या. खाली पोळी करपल्याचा वास येत होता.

त्या दिवसापासून त्या विद्यार्थिनी झाल्या. रोज दहा शब्द घेत. दुपारी सर झोपले की स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मला ऐकवत. मला वाटलं, म्हातारपणी बाईला छंद लागला. कौतुकच वाटलं. मैत्रिणींना फोनवर सांगितलंसुद्धा, आमच्या काकू म्हणजे काय चीज आहे.

पुढे त्या माझ्या पुस्तकाबाहेरचे शब्द विचारू लागल्या.

"फिलिस्तीन म्हणजे तो बातम्यांतला देश ना गं?"

"हो."

"मग माणसाला कसं म्हणतील?"

मी जरा विचार केला. "काकू, फिलिस्टाइन असेल. कला, साहित्य, विद्या यांची काही चाड नसलेला माणूस. अडाणीच म्हणा."

"अस्सं." त्या मटार सोलत होत्या. सोलत राहिल्या. "आणि इन्सिपीड?"

"इन्सिपिड. बेचव. माणसाबद्दल असेल तर अगदी नीरस, ज्याच्यात काही दमच नाही असा."

"आणि बोवाईन?"

हा मला येत नव्हता. मोबाइलवर शोधला. "बोव्हाइन. गाईबैलांच्या जातीचं."

त्यांचा चेहरा एकदम फुलला. "बघ! गाईसारखी. म्हणजे सालस, गरीब. हेच सांगितलं होतं मला."

मी पुढचं वाचत होते. मला काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून जे दिसलं ते वाचून दाखवलं. "माणसाला म्हटलं तर मंद, सुस्त, डोकं नसलेला. रवंथ करत बसलेल्या जनावरासारखा."

मटाराची शेंग त्यांच्या हातात तशीच राहिली. मग त्या बोलू लागल्या. माझ्याशी बोलत होत्या की स्वतःशी, कळत नव्हतं.

लग्नानंतर सरांचे मित्र रविवारी सकाळी येत. सगळे कॉलेजातले. हॉलमध्ये इंग्रजीत गप्पा चालत. काकू कोथिंबीर वड्या, चहा घेऊन बाहेर गेल्या की सर हात त्यांच्याकडे करून एखादा शब्द म्हणत आणि सगळे हसत. काकूही पदर सावरून हसत. आत आल्यावर तो शब्द मनात घोळवत. एकदा धीर करून त्यांनी विचारलं, मला बोवाईन म्हणालात ते काय? तर सर म्हणाले, "गाईसारखी. तुझ्या माहेरी गाय पूज्य ना?"

"मी किती खूश झाले होते म्हणून सांगू," काकू म्हणाल्या. "राखी पौर्णिमेला माहेरी गेले आणि सगळ्यांना सांगितलं. हे मला बोवाईन म्हणतात. माझी धाकटी बहीण हिरमुसली. म्हणाली, आमचे हे तर मला नावाने हाकसुद्धा मारत नाहीत."

इतकं बोलून त्यांनी मटाराची सालं गोळा केली आणि टोपलीत टाकली. मला तेव्हा कुठे समजलं की या बाई रोज माझ्याकडून नवे शब्द शिकत नव्हत्या. डोक्यात बसलेले जुने शब्द एकेक करून बाहेर काढत होत्या आणि ते काय होते ते पाहत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाण्याची बाटली भरायला खाली आले, तेव्हा सर खुर्चीत बसून चहा घेत होते. काकू समोर उभ्या होत्या.

"अहो, बोव्हाइन म्हणजे काय, ते कळलं मला."

सरांनी कप खाली घेतला. "कोणी सांगितलं?"

"हिने."

सरांनी माझ्या दिशेला मान वळवली. त्यांना मी नीट दिसत नसणार. "पूर्ण सांगितलंस का? मूळ अर्थ आधी सांगायचा असतो, मग लक्षणेचा."

"दोन्ही सांगितले तिने," काकू म्हणाल्या. "आणि तुम्ही ते मला सगळ्यांदेखत म्हणायचात."

मला वाटलं, आता सर काहीतरी म्हणतील. तेव्हा वय लहान होतं, चूक झाली, निदान गंमत केली होती, काहीतरी. त्यांनी चहाचा एक घोट घेतला आणि अगदी सहज आवाजात म्हणाले,

"तू हसायचीस की."

काकूंनी त्यांच्या हातातून कप काढून घेतला. अर्धा चहा शिल्लक होता. तो मोरीत ओतला, कप विसळला आणि पालथा घातला. मी बाटली न भरताच वर गेले.

त्यानंतर त्या घरात जे सुरू झालं ते मी दुसरीकडे कुठे पाहिलं नाही. काकूंनी सरांचं काही कमी केलं नाही. सकाळी अंग पुसून द्यायचं, कपडे बदलायचे, नाचणीची पेज चमच्याने भरवायची, सगळं तसंच, वेळच्या वेळी. फक्त ते करता करता त्या शब्द म्हणू लागल्या. पाठीवरून ओला टॉवेल फिरवताना, "अहो, तुम्ही ऑब्ट्यूस आहात." पेज भरवताना, "अहो, तुम्ही फार इन्सिपीड आहात. जन्मभर होतात." 'अहो' सुटत नव्हतं आणि 'तुम्ही'ही सुटत नव्हतं. शिवी द्यायची तीही मान राखून.

सर पहिल्या दिवशी गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी तोंडातली पेज गिळून म्हणाले, "इन्सिपिड. पीड नाही. जोर मधल्या अक्षरावर."

"इन्सिपिड," काकूंनी सुधारून म्हटलं. "आहात."

"हं. आता बरोबर."

मी जिन्यावर उभी होते. हसावं की रडावं ते कळत नव्हतं.

हळूहळू सरही उत्तरं देऊ लागले. एके दिवशी काकू धापा टाकत वर आल्या. "टर्मगंट म्हणजे काय गं? लवकर सांग, पेज निवतेय."

"कजाग बाई. भांडकुदळ."

"कजाग!" त्या खूश झाल्या. "हे बरोबर बोलले. हे पटलं मला." आणि खाली जाताना जिन्यातूनच ओरडल्या, "अहो, टर्मगंट तर टर्मगंट!"

सकाळी मी आंघोळ करून खाली यायची तेव्हा सरांचा आवाज कानावर यायचा, "आज काय आहे?" म्हणजे आज कोणता शब्द. ते वाट पाहत असत. गालावर साबण, मान वर केलेली आणि वाट पाहताहेत. सरांची इंग्रजी बोलायची भूक मोठी होती आणि मित्र यायचे थांबून वर्षं झाली होती. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारं आता एकच माणूस उरलं होतं, आणि ते त्यांना शिव्या देत होतं. पण सरांनी माफी मागितली नाही. त्या कपाटांची किल्लीही उशीखालून निघाली नाही. काकूंनी एकदा मागितली होती. "अर्थ कळतात आता मला. एखादं पुस्तक द्या," म्हणाल्या. सर म्हणाले, "शब्द म्हणजे पुस्तक नव्हे." काकू तशाच आत गेल्या आणि त्या रात्री मलाही तूप मिळालं नाही.

इथपर्यंत मी काकूंच्या बाजूने होते. जेवताना त्यांना मुद्दाम धारदार शब्द काढून द्यायचे. कुठे वार करावा ते मीच जणू शिकवत होते, आणि मला त्यात आनंद वाटत होता.

मग माझी आई आली.

आई कळवणहून सकाळच्या एसटीने आली होती. बरोबर पिशवीभर डाळिंबं, बाजरीचं पीठ आणि काकूंसाठी वेगळी बांधलेली भुईमुगाच्या शेंगांची पुरचुंडी. ती सातवी शिकलेली. वडिलांचं टू-व्हीलर दुरुस्तीचं गॅरेज, आणि आई घरची चार बिघे जमीन बघायची. माझी परदेशाची परीक्षा म्हणजे नेमकं काय ते तिला कळत नव्हतं, पण मुलीला मोठ्या लोकांच्या घरात जागा मिळाली याचं तिला फार अप्रूप होतं. येताना तिने ठेवणीतली साडी नेसली होती.

काकूंनी तिला हॉलमध्ये बसवलं. सर खुर्चीत होते. आई सोफ्याच्या अगदी कडेवर बसली.

"लय मोठं घर हे तुमचं," आई म्हणाली. "आमची बाई फोनवर सांगते, काकू लय जीव लावतात म्हणून."

"शिकतेय चांगली," काकू म्हणाल्या आणि चहा आणला.

आईने चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि आवाज करत प्यायली. ती नेहमी तशीच पिते. आमच्याकडे सगळेच पितात. चहा गरम होता, ती प्रवासाने दमली होती, तिला तो गोड लागला असावा, कारण तिने डोळे मिटले.

काकूंनी आईकडे पाहिलं. मग सरांकडे पाहिलं आणि हात आईच्या दिशेला करून म्हणाल्या, "अनकाउथ. नाही का हो?"

"अनकूथ," सर म्हणाले. आणि हसले. खो खो हसले. मी त्या घरात आल्यापासून सरांना हसताना पाहिलं नव्हतं. काकूही हसू लागल्या. नवरा-बायको एकमेकांकडे पाहून हसत होते. इतक्या वर्षांच्या संसारात ते दोघं मिळून एखाद्या गोष्टीवर हसले असतील तर ती गोष्ट म्हणजे माझी आई होती.

आणि आईही हसली. बशी खाली धरून, तोंडावर पदर घेऊन, ते हसताहेत म्हणून हसली.

"काय म्हनल्या गं ताई?" तिने मला विचारलं. डोळ्यांत कौतुक होतं.

मी काकूंकडे पाहिलं. त्यांचं हसू अजून पुरतं मावळलं नव्हतं, पण माझ्या तोंडाकडे त्यांचं लक्ष गेलं होतं.

"तुला रीतभात नाही म्हणाल्या," मी सांगितलं. "गावंढळ आहेस म्हणाल्या. म्हणून हसताहेत."

सरांनी घसा खाकरला. आईने बशी हळूच कपाखाली ठेवली, पदराने टीपॉयवर सांडलेला चहाचा थेंब पुसला. "असू दे," म्हणाली. "बशीनंच पितो आमी." मग तिने पुरचुंडी काकूंच्या पुढे सारली. "शेंगा हेत. घरच्या."

काकूंनी पुरचुंडीला हात लावला नाही. त्या आत निघून गेल्या.

मी आईला सीबीएस बसस्टँडवर सोडायला गेले. रिक्षात ती रिकाम्या पिशवीची घडी घालत होती. मला वाटत होतं, तिला मी किती धीट वाटले असेन. आईची बाजू घेतली, तोंडावर बोलले. कळवणची गाडी लागली, आईला खिडकीजवळ जागा मिळाली. मी खाली उभी होते. ती खिडकीतून वाकून म्हणाली, "तू कशाला सांगितलं मला?"

"म्हणजे? त्या तुझी चेष्टा करत होत्या आई."

"त्या करत व्हत्या. मला कुठं कळत व्हतं?" तिचा आवाज चिरका झाला. "मला वाटलं, काय तरी चांगलं म्हनल्या. बरं वाटलं व्हतं मला. घरी जाऊन सांगनार व्हते. आता काय सांगू?"

कंडक्टरने बेल मारली. गाडी सुटेपर्यंत ती माझ्याकडे न बघता समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत राहिली. पुढे ती पुन्हा कधी नाशिकला मला भेटायला आली नाही. डाळिंबं कोणाबरोबर तरी पाठवायची.

त्या दिवसापासून मी जेवण बाहेर मेसमध्ये सुरू केलं. परीक्षा तोंडावर होती म्हणून खोली सोडली नाही, इतकंच. काकू एकदा वर आल्या. दारातच उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत.

"तिला फार लागलं का गं?"

"तुम्हाला लागलं होतं तेवढंच," मी म्हणाले.

त्यांनी दाराच्या चौकटीला धरलं. मग वळल्या. एकेक पायरी मोजावी तशा जिना उतरून गेल्या. माझं बोलणं बरोबर होतं, आजही वाटतं. पण त्या दिवशी मला एक गोष्ट दिसली ती पुसता आली नाही. शब्दाचा अर्थ कळला की माणूस शहाणा होतो असं मला क्लासमध्ये शिकवलं होतं. काकूंना अर्थ कळला आणि त्यांनी तो पहिली संधी मिळताच आपल्याहून खालच्या बाईवर चालवला. सरांनी चालवला होता तसाच, चहाच्या कपावरून, हात करून. मी तोच अर्थ उलगडून आईच्या हातात दिला, आणि तिचं हसू गेलं.

परीक्षेत शब्दांच्या भागात मला उत्तम गुण मिळाले. परदेशात जाणं झालं नाही. वडिलांना हार्ट अटॅक आला, गॅरेज बंद पडलं, मी अंबडच्या एका कंपनीत लागले. आज तिथे दिवसभर इंग्रजीत मेल लिहिते. 'सोबत जोडलेलं पाहावं', 'लवकरात लवकर कळवावं' यापलीकडचा एकही शब्द तिथे लागत नाही. मध्यंतरी एका मेलमध्ये मी पाठ केलेला एक भारी शब्द घातला, तर साहेबांनी बोलावून सांगितलं, "मॅडम, हे कस्टमरला समजेल असं लिहा ना." बरोबर होतं त्यांचं.

सर गेल्याचं मला उशिरा कळलं. कॉलनीच्या कोपऱ्यावरचा किराणावाला मला कॉलेज रोडला भेटला, त्याने सांगितलं. जाऊ की नको असं करत एका रविवारी दुपारी गेले. फाटक तेच. हॉलमधला पलंग काढला होता. पुस्तकांची कपाटं रिकामी. मुलगा येऊन पुस्तकं कुठल्याशा वाचनालयाला देऊन गेला, काकूंना न विचारता.

काकू खूपच वाळल्या होत्या. मला ओळखून "ये" म्हणाल्या. आईचं काही विचारलं नाही, मीही काही काढलं नाही. चहा केला. दोघी सरांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसलो.

"शेवटी दवाखान्यात होते," त्या आपणहून सांगू लागल्या. "बोलत नव्हते. डॉक्टर म्हणाले, ऐकू येत असेल, बोलत राहा. आता मी काय बोलणार त्यांच्याशी? मुद्दाम इन्सिपीड म्हटलं. चुकीचं म्हटलं. पुन्हा म्हटलं. शेजारच्या पेशंटची बायको माझ्याकडे बघायला लागली. त्यांनी दुरुस्त केलं नाही. तेव्हा मी मुलाला फोन केला, म्हटलं, ये आता."

मला वाटलं, त्या रडतील. रडल्या नाहीत.

"सुटलात तुम्ही," मी म्हणाले. म्हणायला नको होतं कदाचित, पण मनात तेच होतं.

"सुटले ना." त्यांनी मान हलवली. "माणूस गेलं. पण ते शब्द आहेत की डोक्यात. सकाळी तोंड धुताना येतात, देवाजवळ बसले तरी येतात. आता म्हणायचे कोणाला? मावशींना कळत नाहीत. मुलाला म्हणाले एकदा फोनवर, तर तो म्हणाला, आई, तुला बरं नाहीये का? घरात ते कळणारं एकच माणूस होतं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तुमच्या क्लासात पाठ कसं करायचं ते शिकवतात. विसरायचं कसं, ते शिकवतात का गं?"

"शिकवावं लागत नाही काकू. वापरला नाही की शब्द आपोआप जातो. माझे बघा, निम्मे गेलेसुद्धा."

त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. क्लासमधल्या मास्तरने चुकीचं उत्तर दिलं तर विद्यार्थी पाहील, तसं.

"मी कुठे वापरले होते?" त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं नुसते ऐकले होते."